“ताई, पंचवीस वर्षांनी परत औली जमेल का?”

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की २०२४ च्या फेब्रुवारीत औलीला जाऊन आले, १९९७ नंतर पहिल्यांदा. झालं, या महिन्यात आलेली निम्मी पत्रं आणि मेल त्याच्यावरच. मला वाटलं होतं कोकणात बर्फाचं कुणाला काय पडलंय, आपल्याला बर्फ म्हणजे बंदरावर माशांवर घालतात तो, पण इथे राजापूरपासून हर्णैपर्यंत एकेक जण निघाला ज्याने कधीकाळी हिमालयात पायाला फळ्या बांधल्यात. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याचेच, बाकीच्यांनी रागावू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: औली उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या वाटेवर जोशीमठ लागतं त्याच्या डोक्यावर. चारधाम केलेल्या आजी-आजोबांनी जोशीमठ मे महिन्यात बघितलेलं असतं, नरसिंह मंदिर, शंकराचार्यांचा मठ वगैरे. हिवाळ्यात त्याच्या वरच्या गवताळ उतारावर बर्फ पडतो आणि तिथे स्कीइंग चालतं. ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटर घाटाचा रस्ता, त्यामुळे सहज जाऊन येऊ अशी ही जागा नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. मी देवगड तालुक्यातला, हापूसची बाग आहे, वय ५३. २००० साली फेब्रुवारीत औलीला चौदा दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केला होता, तेव्हा मुंबईत नोकरी होती, मग वडील गेले आणि बागेत आलो तो आलोच. कोर्सच्या शेवटच्या दिवशी वरपासून खालपर्यंत एकदाही न पडता आलो होतो, ते अजून स्वप्नात येतं. आता मुलगी १९ ची झाली, ती म्हणते बाबा चला. बायको म्हणते आधी गुडघे बघा. जमेल का? आणि खरं सांगा, परत जाऊन वाईट तर नाही ना वाटणार? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर: भाऊ, जमेल. फक्त तुम्ही २००० साली जिथे सोडलं तिथून सुरू करायला जाऊ नका, पहिल्या इयत्तेत बसा. हे मी पुस्तकी सांगत नाही, माज करून आपटलेय म्हणून सांगतेय.

झालं असं की मला परत कोर्सला नाव घालायची लाज वाटली. पन्नाशीला आलेली बाई कॉलेजच्या पोरांबरोबर रांगेत उभी राहून पाय फेंगडे करायला शिकणार का, असं मनात. मग सरळ भाड्याने सामान घेतलं, खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसले (ही लिफ्ट साधारण ८०० मीटरची आहे), नंदादेवी समोर लख्ख, ७८१६ मीटर, एक ढग नाही, मला वाटलं मी परत बावीसची झाले. वर उतरले आणि खाली बघितलं. उतार तोच होता हो. पण पोटात असा गोळा आला की मी अर्धा तास नुसती बूट आवळत बसले, जसं काय बूटच सैल आहेत. मग निघाले, दोन वळणं झाली, तिसऱ्याला आपटले. तिथला एक इन्स्ट्रक्टर आपल्या मुलांना घेऊन चालला होता तो थांबला, मला उठताना बघत होता, आणि म्हणाला, “मैडम, आपने नब्बे वाले टाइम में सीखा है ना? पैर चिपका के रखती हो।”

त्याने पायांवरून माझं साल ओळखलं! आणि यात खरंच एक गोष्ट आहे जी तुम्हाला माहीत असायला पाहिजे. आपण शिकलो तेव्हा स्की लांब आणि सरळ असायच्या, हात डोक्यावर उंच केला की मनगटापर्यंत येईल तेवढी लांब, आठवतंय? वळायचं तर अंग वर उचलायचं, वजन काढायचं, दोन्ही पाय चिकटवून मागची बाजू घसरवायची. जो जितके पाय चिकटवेल तो तितका भारी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जगभर कमरेत बारीक आणि टोकांना रुंद अशा आखूड स्की आल्या, आता हनुवटी ते कपाळ यांच्या मधे येईल एवढ्याच लांबीच्या देतात. या स्कीला तुम्ही नुसती कडेवर कलती केलीत की ती आपली आपण वळते, पाय मात्र कमरेएवढ्या अंतरावर सुटे ठेवायचे. म्हणजे आपण घाम गाळून कमावलेली सवय आता आडवी येते. तुमच्या मुलीला कोऱ्या पाटीवर शिकायचंय, तुम्हाला आधी पाटी पुसायचीय, तेव्हा ती तुमच्या पुढे जाईल हे आत्ताच मनाशी ठरवून टाका. मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने त्याच इन्स्ट्रक्टरकडे गेले, सगळ्यात खालच्या बारक्या उतारावर दोन दिवस काढले, आणि तिसऱ्या दिवशी कुठे पाय ऐकायला लागले. स्नोप्लाऊ, म्हणजे वेग रोखायची ती पहिली युक्ती, मात्र विसरत नाही माणूस, सायकलसारखं आहे ते, पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, ते पायांनी आपोआप केलं. गढवाल मंडल विकास निगमचे सात दिवसांचे आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, तारखा आधी विचारून घ्या आणि बापलेक दोघंही सात दिवसांच्याला बसा.

आता गुडघे. वहिनी बरोबर बोलतायत. स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त मार लागतो तो गुडघ्याला, पाय फळीत अडकलेला आणि अंग भलतीकडे वळलं की आतली लिगामेंट जाते. आधीपासून गुडघा दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि दुखत नसेल तर आजपासून दोन महिने तयारी करा. जिम लागत नाही. आपल्याकडे पाखाड्या कशाला आहेत? चढताना दम लागतो म्हणून आपण चढण्यालाच व्यायाम समजतो, पण बर्फावर मांडी लागते ती उतरताना अंगाला ब्रेक लावणारी. तेव्हा पाखाडी सावकाश उतरा, एकेक पायरी, गुडघा वाकवून, धपाधप नाही, अशा रोज दहा चकरा. आणि संध्याकाळी पडवीच्या भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, पहिल्या दिवशी अर्धा मिनिट सुद्धा होत नाही, महिन्याने दोन मिनिटं होतं. मुलीला पण करायला लावा, एकोणीसच्या मांड्या पण मोबाइल बघूनच बनलेल्या असतात.

अजून एक, हे दुकानदार सांगत नाही. बूट स्कीला ज्या कुलपात बसतो ना, बाइंडिंग, त्याच्यावर आकड्यांची एक बारीक खिडकी असते. पडलात की किती जोराला बूट सुटावा हे त्या आकड्यावर. तो आकडा वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, तुम्ही किती पट्टीचे आहात, यावरून तक्त्यात बघून लावायचा असतो आणि पन्नाशी झाली की तक्त्यातला एक पायरी लहान, म्हणजे सैल आकडा घ्यायचा असतो. भाड्याच्या दुकानात आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच राहिलेला असतो. नव्वद किलोच्या पंजाबी मुलाचं सेटिंग घेऊन तुम्ही उतरलात तर फळी सुटणार नाही, गुडघा सुटेल. समोर उभं राहून बदलून घ्या, वय खरं सांगा.

वाईट वाटण्याचं विचारलंत. वाटतं, का खोटं बोलू. मला सगळ्यात जास्त लागलं ते रोपवेच्या तारा नुसत्या लोंबताना बघून, त्याबद्दल खालच्या प्रश्नात लिहिते. आणि जिथे आम्ही कमरेएवढ्या बर्फात पडायचो तिथे मधेमधे तपकिरी गवत दिसत होतं. पण तिसऱ्या दिवशी जेव्हा चार वळणं सलग लागली तेव्हा कॉलरमध्ये शिरलेल्या बर्फाने पाठीवरून जे पाणी उतरतं ना ते अगदी १९९७ चंच होतं, तेवढ्यासाठी माझे पैसे वसूल. बाकी तुमचं स्वप्न, वरपासून खालपर्यंत न पडता, ते यावेळी नको. दुपारी तीनला थांबायचं. “शेवटची एक चक्कर” म्हणून जे वर जातात तेच दमलेल्या पायांनी पडतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी. १९९५ साली आम्ही शाळेच्या मैत्रिणी रोपवेने औलीला गेलो होतो. आता बातम्यांत जोशीमठ खचलं असं बघितलं. रोपवे चालू आहे का? आणि अशा गावात आपण मजा करायला जाणं बरोबर आहे का? मला तरी ते बरं वाटत नाही.

उत्तर: बाई, रोपवे २०२३ च्या जानेवारीत बंद झाला. चार किलोमीटरचा, दहा खांबांचा, जोशीमठहून बसलं की देवदारांच्या शेंड्यांवरून तरंगत जायचं. तो आहे असं धरून कुणीही बेत आखू नका. आता जोशीमठहून जीपने चौदा-पंधरा किलोमीटर वळणांचा रस्ता, बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावतात, सकाळी रस्त्यावर काचेसारखा गोठलेला थर असतो. स्वतःची गाडी ऋषिकेशपर्यंत आणलीत तरी वरच्या टप्प्याला तिथलाच ड्रायव्हर घ्या. आपले मुंबई-गोवा हायवेवरचे शूरवीर तिथे चालत नाहीत.

खचण्याचं म्हणाल तर ते एका रात्रीत झालेलं नाही. जोशीमठ मुळात बसलंय ते पूर्वी कधीतरी कोसळून आलेल्या दरडीच्या ढिगाऱ्यावर, खाली अखंड कातळ नाही. १९७६ मध्ये सरकारच्याच मिश्रा समितीने लिहून ठेवलं होतं की इथे जड बांधकामं नकोत, उतारावरचे मोठे दगड खणून किंवा सुरुंगाने काढू नका, झाडं तोडू नका. पुढच्या जवळजवळ पन्नास वर्षांत काय झालं ते आपण सगळीकडे बघतो तेच. हॉटेलं, चार मजले, सांडपाणी धड गटार नसल्याने जमिनीतच मुरत राहिलं, खाली नदी पायथा खातेय, जवळच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यावरून तर गावकरी आणि कंपनी यांच्यात अजून वाद आहे. मग डिसेंबर २०२२ च्या शेवटापासून १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटीमीटर खाली गेल्याचं इस्रोने उपग्रहाच्या चित्रांवरून सांगितलं. आठशेच्या वर घरांना तडे, दोन हॉटेलं तर एकमेकांवर कलली, ती पाडावी लागली.

आपल्याला हे लांबचं वाटायला नको. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीयेत डोंगर आला आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. जांभ्याखालच्या चिकण मातीत पाणी भरलं की वरचं सगळं साबणासारखं सरकतं, हे आपल्याकडच्या विहीर खणणाऱ्याला सुद्धा माहीत असतं. ढिगाऱ्यावर वसलेलं गाव आणि पाण्याला वाट नाही, गोष्ट तीच, फक्त तिथे थंडी आहे.

जाणं बरोबर का? माझं मत सांगते, पटलं नाही तर सोडून द्या. तिथल्या माणसांना आपली हळहळ नकोय, हिवाळ्याचं गिऱ्हाईक हवंय. मी ज्यांच्याकडे उतरले त्या वहिनी म्हणाल्या की यात्रा उन्हाळ्यात, पोटाला हिवाळ्यात औलीच. तेव्हा जा, जोशीमठातच छोट्या घरगुती ठिकाणी राहा, पैसे तिथे सोडा. आणि आंघोळ एका बादलीत करा. गंमत नाही करत, तुमच्या बाथरूममधलं पाणी त्याच उतारात जातं.

प्रश्न: भावोजी बोटीवर होते, त्यांनी १९९८ साली नॉर्वेहून स्कीचे बूट आणि स्की आणून दिले होते, एकदा मनालीला वापरले मग माळ्यावर पेटीत आहेत, एकदम नव्यासारखे. या वर्षी परत जातोय. तेच घेऊन जाऊ ना? भाडं वाचेल. (वेंगुर्ला)

उत्तर: नको!! बूट दिसायला नवे असतील, पण त्यांचं प्लास्टिक आतून मेलेलं असणार. अशा बुटांचं कवच बऱ्याचदा पॉलियुरेथेनचं असतं आणि हे प्लास्टिक हवेतला ओलावा पीत पीत वर्षानुवर्षं आतून तुटत जातं. वापरलं नाही तरी तुटतं, उलट पेटीत दमट जागी बंद असलं तर अजून वाईट. आणि वेंगुर्ल्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यापेक्षा दमट जागा अजून कुठली? सत्तावीस पावसाळे खाल्लेत त्या बुटांनी. आपल्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळ कपाटात ठेवून ठेवून एक दिवस पावासारखा सुटून येतो ना, तेच हे, फक्त इथे बूट फुटतो तो उतारावर, थंडीत, वेगात असताना. स्कीच्या लोखंडी कडांना खाऱ्या हवेने गंज चढला असेल तो घासून निघेल, पण बाइंडिंगमधल्या स्प्रिंगचा भरवसा कोण देणार. भाड्याने घ्या. भावोजींची आठवण म्हणून स्की ओटीवर भिंतीला लावा, छान दिसतात, पाहुणे विचारतात.

आणि मोज्याचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते कारण आपली माणसं हमखास चुकतात: दोन जाड मोजे एकावर एक घालू नका. पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि उलट गार पडतो. लोकरीचा किंवा तसल्या कापडाचा एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा. आत सुती बनियन पण नको, घामाने भिजलं की वाळत नाही.

प्रश्न: बर्फ नक्की कधी असतो? आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर, फवारण्या, बाग सोडता येत नाही. मार्चमध्ये गेलं तर चालेल? (राजापूर)

उत्तर: अरे देवा, हा खरा कोकणी प्रश्न. तिकडचा बर्फ आपल्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांसारखा वेळापत्रकाने येत नाही. तो भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून, एक आला की दोन-तीन दिवस पडतो, मग पंधरा-पंधरा दिवस कोरडं. २०२४ चा जानेवारी तसाच कोरडा गेला होता, मी रोज फोन करून विचारायचे आणि पलीकडून “धूप है मैडम” एवढंच यायचं, मग महिना संपता संपता एकदम पडला आणि मी तिकीट पुढे ढकललेलं बरं झालं. २०२३ ला तर बर्फाअभावी औलीची राष्ट्रीय स्पर्धा रद्द करावी लागली होती. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली, पण त्या यंत्रांना सुद्धा शून्याखालची थंडी लागते, नुसतं बटण दाबून होत नाही.

त्यामुळे सगळ्यात भरवशाचे दिवस म्हणजे जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. मार्चमध्ये खालचा उतार उघडा पडायला लागतो, दुपारी भिजलेल्या साखरेसारखा बर्फ होतो, पन्नाशीच्या गुडघ्याला तो सगळ्यात वाईट कारण फळी रुतते. तुम्ही असं करा, दोन फवारण्यांच्या मधे जे पंधरा दिवस मिळतात ते पकडा. जाण्या-येण्याचे पाच-सहा, बर्फावर पाच, आणि दोन दिवस हातचे ठेवा कारण रस्ता बंद होतो. त्या पंधरवड्यात तुडतुडे आलेच तर भावाला सांगून जा, भावाशी बोलणं बंद असेल तर ते सुरू करायला हे एक निमित्त. गाडीचं म्हणाल तर केरळहून कोकण रेल्वेने येऊन थेट ऋषिकेशला जाणारी आठवड्यातून एक गाडी आहे, वार आणि तुमच्या जवळचा थांबा रेल्वेच्या अॅपवर बघा. ऋषिकेशहून पहाटे निघायचं, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग करत संध्याकाळी जोशीमठ. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला राहू नका.

प्रश्न: औलीच का? गुलमर्ग मोठं आहे ना? (कुडाळ)

उत्तर: मोठं आहे, कबूल. तिथला गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, अफरवट डोंगराच्या अंगावर जवळजवळ ३९८० मीटरपर्यंत नेतो, बर्फ खोल, उतार लांब, पट्टीच्या माणसाला तेच आवडणार. आणि आता रेल्वे पण श्रीनगरपर्यंत पोचली, ६ जून २०२५ ला चिनाबचा पूल सुरू झाला, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, आणि तो बांधून घ्यायचं काम आपल्या कोकण रेल्वेकडे होतं हे कुडाळवाल्यांनी तरी विसरू नये! आमच्या शेजारचे एक काका रेल्वेत होते ते तर बर्फासाठी नाही, नुसता तो पूल बघायला जाणार म्हणतायत. पण प्रश्न परत जाण्याचा होता, आणि माणूस परत जातो ते जिथे शिकला तिथे. गुलमर्गला जायचं तर नवीन म्हणून जा, आधी तिथली परिस्थिती बघून, आणि वरच्या टप्प्याला गाइडशिवाय नाही, तिथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे.

प्रश्न: ताई, आमचे हे ५८ चे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, मित्रांनी डोक्यात भरवलंय औलीचं. तुम्ही लिहा ना की जाऊ नका, तुमचं ऐकतात. (गुहागर)

उत्तर: वहिनी, तुमच्या भांडणात मला कशाला घेता. मी असं लिहीन: डॉक्टरने हो म्हटलं तर जा, नाही म्हटलं तर व्याडेश्वराला जा. गुहागर समुद्राला टेकलेलं, आणि औलीचा उतार २५०० ते ३०५० मीटरवर. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचं टोक म्हणजे कळसूबाई १६४६, आणि जोशीमठ गावच १९०० च्या आसपास, म्हणजे तिथला माणूस अंगणात उभा राहून कळसूबाईला खाली बघेल. ३००० मीटरवर प्रत्येक श्वासात आपल्याकडच्या साधारण ७० टक्केच प्राणवायू मिळतो, त्यात थंडीने रक्तदाब वाढतो. म्हणून आल्या आल्या वर धावायचं नाही, दोन रात्री जोशीमठला झोपायचं, भरपूर पाणी, दारू अजिबात नाही (हे मोठ्या अक्षरात दाखवा त्यांना, मित्रांना पण). डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही असं झालं तर वर चढणं बंद, वाढलं तर तडक खाली. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद किंवा सुरू नाही. आणि बर्फ बघायला स्की लावावीच असं थोडंच आहे, खुर्चीत बसून वर जा, चहा प्या, गोरसों बुग्याल वर आहे तिकडे जमेल तेवढं चाला. बुग्याल म्हणजे त्यांचा सडाच हो, झाड नाही, नुसतं गवत, पावसाळ्यात फुलं, फक्त कातळाऐवजी मऊ माती.

प्रश्न: आम्ही दर्यावरची माणसं, जन्मभर उन्हात. चष्मा, क्रीम हे नखरे लागतात का? (हर्णै)

उत्तर: लागतात. कोरडी वाळू सूर्याचे अतिनील किरण १५ टक्क्यांच्या आसपास परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. आणि दर हजार मीटरला ते किरण अजून दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरून एकदा आणि खालून परत एकदा. चष्मा न घालता दिवसभर राहिलात तर रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आत करपतं, तिथे पण क्रीम लावा. हसू नका, आमच्या बॅचचा एक मुलगा आठवडाभर नाक धरून फिरत होता.

प्रश्न: मासे मिळतात का तिथे? (मालवण)

उत्तर: नाय रे बाबा. पण रडू नको. तिथे “गहत की दाल” म्हणून जे वाढतात ते आपलं कुळीथ, “मंडुए की रोटी” म्हणजे नाचणीची भाकरी, आणि झंगोऱ्याची खीर म्हणजे वरीच्या भावकीतलं. मी पहिल्या रात्री ती डाळ भाकरीशी खाल्ली आणि क्षणभर समजेना आपण नेमके कुठल्या घाटाच्या वर आलोय. सोबत सोलकढी तेवढी नाही, आगळाची बाटली न्यायची असेल तर घट्ट बंद करून ने, माझी बॅगेत फुटली होती आणि सगळे मोजे गुलाबी.

प्रश्न: ताई, मी देवगडची, पहिलं पत्र बाबांचं आहे, त्यांच्याच मेलवरून लिहितेय आणि पाठवून डिलीट करणार आहे. बाबा बोलत नाहीत पण ते घाबरलेत. तिथे ते पडले तर मी काय करू?

उत्तर: अगं, आधी काहीच करू नकोस. बहुतेक वेळा माणूस पडतो, हसतो, उठतो, त्याला वेळ दे. हात देऊन ओढायला गेलीस तर दोघं मिळून खाली जाल. फक्त त्यांना आठवण कर की दोन्ही स्की उताराला आडव्या, अंगाच्या खालच्या बाजूला घ्यायच्या, मग डोंगराकडच्या हाताने रेटून उठायचं. हे त्यांना येतं, विसरले असतील. पडताना काठी सोडून द्यायला सांग, काठी हातात धरूनच पडलं तर अंगठा दुखावतो.

खरंच लागलं असेल, गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला म्हणाले किंवा पायावर वजन देता येत नसेल, तर त्यांच्या वरच्या बाजूला थोड्या अंतरावर तुझ्या दोन स्की बर्फात फुलीसारख्या रोव, म्हणजे वरून येणाऱ्याला लांबून कळतं. इन्स्ट्रक्टरला हाक मार. स्की सोडव पण बूट काढू नकोस, सुजलेल्या पायात परत जात नाही आणि बूटच आधार देतो. जॅकेट पांघरून दे, बर्फावर पडलेला माणूस पटकन गार पडतो. चालत न्यायचा प्रयत्न नको.

आणि पहिल्या दिवशी त्यांचा व्हिडिओ काढू नकोस. तिसऱ्या दिवशी काढ.